तोंडावर नको, आकड्यांवर पहारा ठेवा : हवामान-विज्ञान संस्थांना खुले पत्र

प्रति,
भूविज्ञान व हवामानशास्त्राच्या व्यावसायिक संघटनांची कार्यकारी मंडळे आणि हवामान संशोधन संस्थांचे संचालक

विषय : आंदोलनात उतरणाऱ्या शास्त्रज्ञांबाबतचे नियम

सन्माननीय पदाधिकारी,

डिसेंबर २०२२ मध्ये शिकागोला अमेरिकन जिओफिजिकल युनियन या भूविज्ञान-संघटनेचे वार्षिक अधिवेशन भरले होते. तिथे रोझ अब्रामॉफ आणि पीटर कॅल्मस हे दोन शास्त्रज्ञ मंचावर गेले आणि त्यांनी एक कापडी फलक उलगडला. प्रयोगशाळेतून बाहेर पडा, रस्त्यावर या, अशा अर्थाचे शब्द त्यावर होते. काही सेकंदांत फलक काढून घेतला गेला. इथवर तक्रार नाही. चालू सभा कुणी अडवली तर आयोजक त्याला खाली उतरवणारच. पण संघटनेने पुढे दोघांविरुद्ध गैरवर्तनाची चौकशी सुरू केली आणि अधिवेशनात ते जे संशोधन मांडणार होते तेही कार्यक्रमातून काढून टाकले. जानेवारी २०२३ मध्ये अब्रामॉफ यांची ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतली नोकरी गेली.

आमचा आक्षेप मधल्या पायरीला आहे. मंचावर चढल्याबद्दल जी शिक्षा द्यायची ती द्या. पण त्या दोघांनी महिनोन् महिने खपून केलेली मोजमापे फलकामुळे बिघडली होती का? ती ऐकायला आलेल्या श्रोत्यांनी काय गुन्हा केला होता? संशोधन काढून टाकण्यामागे एक समजूत आहे, आणि ती आपल्या अनेक संस्थांच्या नियमावल्यांत न लिहिताही वावरते : शास्त्रज्ञ रस्त्यावर उतरला की त्याच्या आकड्यांवरचा भरवसा कमी होतो, म्हणून त्याला आवरणे म्हणजे विज्ञानाची अब्रू राखणे. आम्ही तापमानाच्या नोंदी, हवामानाची प्रारूपे (संगणकावरची मॉडेल्स) आणि त्यांची फेरतपासणी यांच्याशी रोजचा संबंध असलेली माणसे आहोत. आमच्या मते ही समजूत चुकीची आहे, आणि ती तपासून पाहायला चाळीस-पंचेचाळीस वर्षांची एक सलग फाइल उपलब्ध आहे. ती जेम्स हॅन्सन यांची.

हॅन्सन १९८१ ते २०१३ नासाच्या गोडार्ड अवकाश अभ्यास संस्थेचे, म्हणजे ‘गिस’चे संचालक होते, आणि त्या खुर्चीत असतानाच त्यांना निदर्शनांत अनेकदा अटक झाली. जगभरच्या तापमानाची सर्वांत जास्त उद्धृत होणारी एक नोंदमालिका त्यांच्याच देखरेखीखाली तयार होत होती. आंदोलनाने आकडे नासतात हे खरे असेल, तर ते इथे दिसायला हवे.

त्यांचा जन्म १९४१ चा, आयोवातल्या डेनिसनचा. आयोवा विद्यापीठात ते अवकाश-भौतिकशास्त्रज्ञ जेम्स व्हॅन ॲलन यांच्या विभागात शिकले. डिसेंबर १९६३ मध्ये खग्रास चंद्रग्रहण झाले, तेव्हा चंद्र नेहमीसारखा तांबूस न दिसता जवळजवळ नाहीसाच झाला. त्याच वर्षी बालीतल्या आगुंग ज्वालामुखीने वरच्या वातावरणात गंधकाचे सूक्ष्म कण फेकले होते आणि ते पृथ्वीच्या सावलीत शिरणारा प्रकाश अडवत होते. या कणांचा हिशेब हॅन्सन यांच्या पहिल्यावहिल्या कामांपैकी एक. पुढे शुक्राचे ढग आले. १९७४ मध्ये त्यांनी योप होवेनीर यांच्याबरोबर प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून दाखवले की ते ढग गंधकाम्लाच्या थेंबांचे आहेत. १९७८ मध्ये पायोनियर व्हीनस यान निघाले. त्यावरच्या एका उपकरणाचे प्रमुख संशोधकपद हॅन्सन यांच्याकडे होते. ते त्यांनी सोडले आणि पृथ्वीच्या हवामानाची प्रारूपे हाती घेतली. सूक्ष्म कणांचा हा धागा लक्षात ठेवावा, तो २०२३ च्या वादात पुन्हा वर येतो.

ऑगस्ट १९८१ मध्ये ‘सायन्स’मध्ये हॅन्सन आणि सहा सहकाऱ्यांचा लेख आला. मागच्या शतकभरात पृथ्वी सुमारे ०.४ अंश सेल्सियसने तापली आहे, कार्बन डायऑक्साइडमुळे होणारी वाढ शतक संपेपर्यंत नैसर्गिक चढउतारांच्या वर स्पष्ट दिसू लागेल, आणि पुढच्या शतकात उत्तर ध्रुवाजवळचा वायव्य सागरी मार्ग खुला होऊ शकेल, असे त्यात होते. लेखाची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर झळकली. त्यानंतर ऊर्जा खात्याने कबूल केलेला निधी मागे घेतला, असे हॅन्सन यांनी पुढे सांगितले आहे. या वेळेपर्यंत त्यांनी ना फलक धरला होता ना घोषणा दिली होती. एका नियतकालिकात एक शोधनिबंध छापला होता, इतकेच. शास्त्रज्ञ आपले काम करून गप्प बसला की संस्था सुखरूप राहते, हा हिशेब पहिल्याच फेरीत चुकला.

२३ जून १९८८ ची सेनेट समितीपुढची साक्ष सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेर वॉशिंग्टन भाजून निघत होते, आणि हॅन्सन यांनी सांगितले की तापमानवाढ खरी असल्याची आपल्याला ९९ टक्के खात्री आहे. त्यांच्यावरच्या टीकेचा मोठा भाग आजही या साक्षीतल्या भाकितावर उभा आहे, म्हणून ते जरा उघडून पाहू.

त्यांच्या १९८८ च्या निबंधात तीन शक्यता होत्या. ‘अ’मध्ये वायूंचे उत्सर्जन चढत्या दराने वाढत राहते, मोठा ज्वालामुखी एकही नाही. ‘ब’मध्ये वाढीचा दर जवळपास स्थिर राहतो आणि १९९५ च्या आसपास एक मोठा उद्रेक धरला होता. ‘क’मध्ये २००० नंतर वायूंच्या प्रमाणातली वाढ थांबते. सर्वांत संभाव्य ‘ब’, असे लेखकांनीच म्हटले होते. दहा वर्षांनी, १९९८ मध्ये, हवामानबदलाबाबत साशंक असलेले हवामानशास्त्रज्ञ पॅट्रिक मायकेल्स यांनी अमेरिकी काँग्रेसपुढे या आलेखातली फक्त ‘अ’ची रेघ ठेवली आणि भाकीत फसल्याचे सांगितले. आलेखातल्या दोन रेघा पुसल्या की कुठल्याही भाकिताचा बळी घेता येतो.

तरीही ‘ब’सुद्धा प्रत्यक्षापेक्षा जास्त गरम निघाली, हे मान्य केलेच पाहिजे. कारणे दोन. क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंना ओझोन थर वाचवण्यासाठीच्या माँट्रिऑल कराराने लगाम घातला आणि मिथेनची वाढ मंदावली, त्यामुळे प्रत्यक्षातला उष्णतेचा दाब ‘ब’पेक्षा कमी राहिला. शिवाय त्या प्रारूपात कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर ४.२ अंश वाढ होत होती, तर आज आंतरसरकारी हवामान समितीचा (आयपीसीसीचा) मध्यम अंदाज ३ अंश आहे. भाकीत तपासताना हे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात : माणसे किती धूर सोडतील हा अंदाज किती बरोबर होता, आणि तेवढ्या धुराला हवामान कसा प्रतिसाद देईल हे किती बरोबर होते? पहिला प्रश्न अर्थकारणाचा आणि राजकारणाचा. भौतिकशास्त्राची परीक्षा दुसऱ्यात होते. हवामानशास्त्रज्ञ झीक हॉसफादर आणि सहकाऱ्यांनी १९७० ते २००७ दरम्यानची १७ भाकिते अशी तपासली. त्यांतली १० थेट निरीक्षणांशी जुळली. उत्सर्जनातला फरक वजा केल्यावर १४ जुळली, आणि त्यांत १९८८ चे हे भाकीतही आहे. दरम्यान जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. हॅन्सन यांच्या गटाने १९९२ च्या सुरुवातीलाच पृथ्वी तात्पुरती सुमारे अर्ध्या अंशाने थंड होईल असे छापले, आणि जवळपास तसेच झाले. ही चाचणी खरी कठीण होती, कारण उत्तर कुणालाच माहीत नव्हते.

आता नोंदमालिकेकडे येतो, कारण आमचे म्हणणे इथेच सिद्ध होते किंवा पडते.

गिसची मालिका तयार होते ती अशी. जमिनीवरच्या हजारो केंद्रांची मासिक सरासरी आणि समुद्रपृष्ठाच्या तापमानाचा संच घेतात. थेट तापमान न वापरता प्रत्येक ठिकाणचा १९५१ ते १९८० च्या सरासरीपासूनचा फरक वापरतात. डोंगरावरचे केंद्र आणि पायथ्याचे केंद्र यांच्या तापमानात दहा अंशांचे अंतर असेल, पण नेहमीपेक्षा गरम महिना बहुधा दोघांनाही नेहमीपेक्षा गरम जातो. मग पृथ्वीचे ८,००० समान क्षेत्रफळाचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यासाठी भोवतालच्या १,२०० किलोमीटरमधली केंद्रे जमेस धरतात. तुकड्याच्या मध्याला असलेल्या केंद्राचे वजन पूर्ण, तिथून ते सरळ रेषेत घटत जाऊन १,२०० किलोमीटरवर शून्य. हे अंतर हवेतून उचललेले नाही. हॅन्सन आणि सर्गेई लेबेडेफ यांनी १९८७ मध्ये केंद्रांच्या जोड्या तपासून दाखवले की मध्य आणि उच्च अक्षांशांत इतक्या अंतरापर्यंत चढउतारांची साथ टिकते. शहरांच्या उष्णतेसाठी उपग्रहातून रात्री दिसणारा उजेड पाहतात. केंद्र झगमगाटात असेल तर त्याचा दीर्घकालीन कल आसपासच्या अंधाऱ्या, ग्रामीण केंद्रांशी जुळवून घेतात. तशी पुरेशी केंद्रे नसतील तर ते केंद्र गाळतात.

या पद्धतीत घोटाळा कुठे होतो? उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रावर केंद्रेच नाहीत. गिस तिथे किनाऱ्यावरच्या केंद्रांवरून अंदाज भरते. ब्रिटनची हॅडली मालिका त्या काळी ती जागा रिकामी ठेवत असे. नेमका तोच भाग सर्वांत वेगाने तापत होता. म्हणून गिसच्या यादीत २००५ हे वर्ष १९९८ पेक्षा गरम आणि हॅडलीच्या यादीत १९९८ अव्वल. तापमानवाढ थांबल्याच्या गप्पांना तेव्हा या फरकाने मोठा हात दिला. हॅडलीनेही २०२० च्या आवृत्तीत रिकाम्या जागा भरायला सुरुवात केली आणि दोन्ही मालिका जवळ आल्या.

दुसरा प्रकार निव्वळ हिशेबातल्या चुकीचा. ऑगस्ट २००७ मध्ये तापमान-नोंदींचे टीकाकार असलेले कॅनडाचे स्टीफन मॅकिन्टायर यांना अमेरिकेच्या आकड्यांत २००० सालाशी एक पायरी दिसली. २००० पर्यंतचे आकडे एका दुरुस्त केलेल्या संचातून येत होते, नंतरचे दुसऱ्या संचातून, आणि दोन्ही संचांतल्या केंद्र-दुरुस्त्या सारख्या नव्हत्या. सांधा जुळवायचा राहून गेला होता. दुरुस्तीनंतर २००० ते २००६ मधले अमेरिकेचे सरासरी तापमान सुमारे ०.१५ अंशाने उतरले. संलग्न अमेरिकेचे क्षेत्रफळ पृथ्वीच्या दोन टक्क्यांहून कमी, त्यामुळे जागतिक सरासरीत फरक पडला तो अंशाच्या काही सहस्रांशांचा. नंतर ऑक्टोबर २००८ च्या आकड्यांत अनेक रशियन केंद्रांवर सप्टेंबरचेच आकडे पुन्हा आले. चूक मूळ पुरवठ्यातली होती. बाहेरच्या वाचकांनी ती लगोलग पकडली आणि आकडे बदलले गेले.

२००७ आणि २००८ ही हॅन्सन यांच्या जाहीर जीवनातली सर्वांत वादळी वर्षे आहेत. त्याच काळात, सप्टेंबर २००७ मध्ये, गिसने मालिकेचा संपूर्ण संगणक-कोड खुला केला. काही स्वयंसेवी प्रोग्रामरांनी फोरट्रान या जुन्या संगणक-भाषेतला गुंता पायथन या नव्या भाषेत पुन्हा लिहून काढला. उत्तरे तीच आली. रिचर्ड म्युलर या साशंक भौतिकशास्त्रज्ञाने बर्कलीत स्वतंत्र गट उभा केला, त्यांच्या पैशात कोळसा-तेलवाल्या कोक कुटुंबाच्या प्रतिष्ठानाचाही वाटा होता. त्यांच्या जमिनीवरच्या तापमानाची रेघ २०११-१२ मध्ये जवळपास त्याच जागी पडली. संचालक तुरुंगाच्या दारात उभा होता आणि आकडे जागचे हलले नाहीत. हॅन्सन सज्जन होते म्हणून हे घडले, असा दावा आम्ही करत नाही. आकडे तपासण्याच्या चाव्या परक्यांच्या हातात होत्या, विरोधकांच्याही, म्हणून घडले.

उलट बाजूही पाहावी. मजकुरात फेरफार कुणी केला? मे १९८९ मध्ये हॅन्सन यांच्या लेखी साक्षीत व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने त्यांच्याच निष्कर्षांवर पाणी ओतणारी वाक्ये घातली. हॅन्सन यांनी ती आपली नाहीत असे तेव्हाचे सेनेटर अल गोर यांच्या समितीपुढे सांगितले. डिसेंबर २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या व्याख्यानानंतर त्यांची व्याख्याने, लेख आणि मुलाखतीच्या विनंत्या आधी मुख्यालयाच्या नजरेखालून जाव्यात असा आग्रह सुरू झाला. जानेवारी २००६ मध्ये हे छापून आले, काही आठवड्यांत नासाच्या प्रशासकांनी शास्त्रज्ञांच्या मोकळेपणाचे धोरण जाहीर केले, आणि २००८ मध्ये नासाच्या महानिरीक्षकांच्या अहवालाने जनसंपर्क कार्यालयाने हवामानविषयक निष्कर्ष दडपल्याचे व त्यांची धार कमी केल्याचे नोंदवले. म्हणजे ज्या कार्यालयाकडे विज्ञानाची अब्रू सोपवली होती, तिथेच ती गेली.

यानंतरचे हॅन्सन बहुतेकांना आंदोलक म्हणून माहीत आहेत. २००८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह मांडले की हवेतला कार्बन डायऑक्साइड ३५० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ३५० भाग) खाली आणला पाहिजे. तेव्हा तो ३८५ होता. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेच्या वार्षिक सरासरीने ३५० ओलांडले ते १९८८ मध्येच, त्या साक्षीच्या वर्षी. सप्टेंबर २००८ मध्ये इंग्लंडात केंट परगण्यातल्या किंग्जनॉर्थ कोळसा वीजकेंद्राच्या धुराड्यावरच्या निदर्शनाबद्दल सहा जणांवर चाललेल्या खटल्यात ते बचावाचे साक्षीदार म्हणून उभे राहिले, आणि ज्यूरीने सहाही जणांना सोडले. जून २००९ मध्ये पश्चिम व्हर्जिनियात, डोंगरमाथे उडवून कोळसा काढण्याविरुद्धच्या निदर्शनात अटक. ऑगस्ट २०११ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०१३ मध्ये कॅनडातून अमेरिकेत तेल आणणाऱ्या कीस्टोन तेलवाहिनीविरुद्ध व्हाइट हाउससमोर. या निदर्शनांना ते नासातून रजा टाकून जात. सरकारी नोकर राहून सरकारविरुद्धच्या खटल्यांत उभे राहता येत नाही, म्हणून एप्रिल २०१३ मध्ये त्यांनी ४६ वर्षांची नोकरी सोडली. २०१५ मध्ये ओरेगनमध्ये २१ तरुणांनी अमेरिकी सरकारवर जो खटला भरला, त्यात ते नातीचे आणि भावी पिढ्यांचे पालक म्हणून सहवादी झाले. तो खटला सुनावणीपर्यंत पोचलाच नाही. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दार बंद केले.

त्यांचे सगळेच आम्हाला पटते असे नाही. २००७ मध्ये त्यांनी कोळशाच्या आगगाड्यांची तुलना नाझींच्या मृत्युछावण्यांकडे जाणाऱ्या गाड्यांशी केली, ती अनाठायी होती आणि तिने त्यांच्याच मुद्द्याचे नुकसान केले. २०१५ मध्ये समुद्रपातळीवरचा त्यांचा निबंध समीक्षेतून जाण्याआधीच पत्रकारांपुढे गेला. बर्फ वितळण्याचा वेग दर दहा, वीस किंवा चाळीस वर्षांनी दुप्पट होत गेला तर अनुक्रमे सुमारे ५०, १०० किंवा २०० वर्षांत समुद्र काही मीटर चढेल, असे त्यात होते. बातम्यांत यातला ‘तर’ गळाला. नियतकालिकाची समीक्षा मात्र उघड होती, कुणालाही वाचता येत होती. मूळ मथळ्यात दोन अंशांची वाढ ‘अत्यंत धोकादायक आहे’ असे ठाम विधान होते, मार्च २०१६ च्या अंतिम मथळ्यात ते ‘धोकादायक ठरू शकते’ असे मवाळ झाले. समीक्षकांनी आपले काम केले, आणि कुणाचे तोंड दाबावे लागले नाही.

२०२३ चा वाद अजून चालू आहे. हॅन्सन आणि सहकाऱ्यांच्या मते कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास ४.८ अंश वाढ होते, आणि २०२० पासून जहाजांच्या इंधनातले गंधक ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणल्याने समुद्रावरचे परावर्तक कण कमी होऊन दडलेली उष्णता उघडी पडते आहे. अनेक नामांकित शास्त्रज्ञांना हा आकडा फुगलेला वाटतो. हा निकाल कोण किती मोठ्याने बोलते यावर लागणार नाही, सूक्ष्म कणांच्या मोजणीवर लागेल. ती मोजणी करणारे ग्लोरी यान मार्च २०११ मध्ये, अग्निबाणाचे टोपण वेगळे न झाल्याने, कक्षेत न पोचता समुद्रात पडले. ध्रुवीकरण मोजणारी उपकरणे घेऊन नासाचे पेस यान गेले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. मधल्या तेरा वर्षांच्या खंडाबद्दल कुठल्या संघटनेने किती ठराव केले, हे पाहण्यासारखे आहे.

इथे एक भेद तुमच्या नियमांत यायला हवा. हॅन्सन जेव्हा मागच्या महिन्याचे तापमान सांगतात तेव्हा ते मोजमाप असते. ४.८ अंश सांगतात तेव्हा तो अंदाज असतो आणि त्यावर जाणकारांचे दुमत असते. खाणीच्या तोंडाशी, विहिरीवर आणि बंदरात कार्बनवर शुल्क घ्या, सगळे पैसे नागरिकांना समान वाटा, अणुवीज वाढवा असे ते सांगतात तेव्हा तो सल्ला असतो. त्यात त्यांच्या शब्दाला जाणत्या नागरिकाचे वजन, अधिक काही नाही. शुल्क-वाटपाच्या कल्पनेला कॅनडात काय झाले ते बघा : बहुतांश पैसा घरांना परत जात होता, पण पंपावरचा वाढीव दर रोज दिसायचा आणि खात्यात जमा होणारी रक्कम बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नसे. एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरचे ते शुल्क बंद झाले. उष्णतेच्या समीकरणात हे कुठेच लिहिलेले नसते. मोजमाप, अंदाज आणि सल्ला या तिन्हींची सरमिसळ हाच खरा धोका, आणि ती सभ्य सूट घातलेला संचालकही पत्रकार परिषदेत करतो.

गप्प राहण्याची किंमत काय मिळते, तेही सांगून ठेवतो. एप्रिल २०२५ मध्ये नासाने न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरची गिसची जागा सोडण्याचे ठरवले आणि मे संपेपर्यंत ती रिकामी करायला लावली. हॅन्सन यांनी नोकरी सोडून तेव्हा बारा वर्षे झाली होती.

म्हणून आमच्या मागण्या. पहिली आणि सर्वांत सोपी : वर्तनाची शिक्षा संशोधनाला देऊ नये. सभा अडवणाऱ्याला सभागृहाबाहेर काढा, हवे तर वर्षभर प्रवेश नाकारा, पण स्वीकारलेला निबंध कार्यक्रमात राहील आणि सहलेखक तो मांडतील. तो मागे घेण्याची कारणे आकड्यांतली लबाडी, चोरी किंवा लेखकाची स्वतःची विनंती एवढीच असावीत.

मुलाखतीसाठी शास्त्रज्ञाने जनसंपर्क कार्यालयाला कळवावे, परवानगी मागावी लागू नये. कार्यालयाने भाषा सोपी करावी. निष्कर्षाला हात लावला तर मूळ आणि बदललेला असे दोन्ही मसुदे, बदल करणाऱ्याच्या नावासह, जपून ठेवावेत. १९८९ मध्ये एवढी साधी नोंद असती तर चार वाक्यांवरून रामायण झाले नसते. समीक्षा न झालेल्या निबंधाची प्रसिद्धी करायचीच असेल तर ही गोष्ट पत्रकाच्या पहिल्या ओळीत हवी. शेवटच्या परिच्छेदात ती कुणी वाचत नाही.

रजेवर, संस्थेचे चिन्ह न वापरता, हे माझे वैयक्तिक मत असे सांगून केलेले आंदोलन हा संस्थेचा विषय नाही. संस्थेच्या खर्चाने परिषदेला आलेल्याचे काय, हा अवघड प्रश्न आहे आणि अब्रामॉफ यांचे प्रकरण तिथेच अडले. कुठले तास संस्थेचे आणि कुठले स्वतःचे, हे प्रवास मंजूर करतानाच कागदावर लिहा. घटना घडून गेल्यावर आचारसंहितेतले मोघम कलम शोधून लावणे म्हणजे नियम नव्हे.

अटकेबाबत : ठरावीक दिवसांत कळवण्याचे बंधन ठेवा, पण केवळ अटक म्हणून नोकरीवर आच येऊ देऊ नका. आणि या बाबतीत सगळे सारख्या जागी नसतात हे विसरू नका. हॅन्सन तीन दशकांहून जास्त काळ संचालक होते. जगभर नाव असलेल्या माणसाला काढणे कुठल्याही सरकारला जड जाते. कंत्राटी पदावरचा, परदेशी व्हिसावर आलेला तिशीतला संशोधक एका रात्रीच्या कोठडीने देशाबाहेर जाऊ शकतो. नियम मोघम ठेवले की बोलण्याचा हक्क आपोआप ज्येष्ठांपुरता उरतो. अशा संशोधकांना स्वतंत्र कायदेशीर सल्ला मिळण्याची सोय संघटनांनी करावी, वर्गणीतून तेवढे निघते.

आणि पहारा ठेवायचाच असेल तर आकड्यांच्या वाटेवर ठेवा. कच्चे आकडे, कोड आणि प्रत्येक दुरुस्तीची तारीखवार नोंद खुली असावी : काय बदलले, कशामुळे, जागतिक सरासरीत किती फरक पडला. दर महिन्याची मालिका बाहेर जाण्यापूर्वी मागच्या महिन्याशी हुबेहूब जुळणारी केंद्रे यंत्राने वेगळी काढावीत. ऑक्टोबर २००८ ची चूक या एका चाळणीत अडकली असती. दोन संच जिथे जोडले जातात तिथे किमान काही वर्षांचा सामाईक काळ घेऊन सांधा तपासावा. वर्षातून एकदा संस्थेबाहेरच्या गटाकडून सगळी मालिका मुळापासून पुन्हा काढून घ्यावी, आणि त्या गटात संस्थेचे टीकाकार असतील तर उत्तमच.

पुढच्या अधिवेशनाचे निबंध-अर्ज निघतील तेव्हा पहिल्या मागणीतला नियम त्या अर्जावरच छापलेला असावा, संकेतस्थळाच्या तळाशी नव्हे. तसे करणार नसाल तर कारणे लेखी आणि सभासदांना वाचता येतील अशी द्यावीत.

आपले,
हवामान-नोंदी आणि प्रारूपांवर काम करणारे काही जण